धुणं वाचणारा रेडिओ

"तुझ्या आजेसासूच्या दोरीवरचं धुणं मी दुर्बिणीतून वाचलंय," असं बाबूकाका म्हणाले, तेव्हा मी वेदूला मांडीवर घेऊन नाचणीचं सत्त्व भरवत होते. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा चावट बोलतोय.

बाबूकाका बहात्तर वर्षांचे. जन्मभर मिरकरवाड्याच्या बंदरातून ट्रॉलर घेऊन गेले, तांडेल म्हणून. आता दर बुधवारी आमच्याकडे मासळी घेऊन येतात, पायरीवर बसून चहा पितात आणि जातात. त्या बुधवारी मात्र चहा संपला तरी उठेनात.

"तुला त्या फोनवरनं लाइव्ह का काय ते करता येतं ना?"

"येतं की. का हो?"

"येत्या रविवारी आम्ही समुद्रात जाऊन रेडिओ लावणार आहोत. फोनवरचा. खरा होता तो बुडाला."

मी चमचा वाटीत ठेवला. वेदूनं तो लगेच उचलून माझ्या गाउनला पुसला. सात महिन्यांच्या बाईला गोष्टीबिष्टींशी काही देणंघेणं नसतं. मला होतं. मी एका हातानं फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, "काका, पहिल्यापासून सांगा."

तर ती हकीकत अशी. साल अठ्ठ्याऐंशी. रामआळीत दीपक नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा एक तरुण होता. त्यानं जुन्या सुट्या भागांतून स्वतःचं प्रक्षेपण यंत्र बनवलं, चहाच्या खोक्यात बसेल एवढं. परवाना मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा बाबूकाकांनी डोकं चालवलं. त्यांच्या मामाची 'गंगासागर' नावाची लाँच होती. ती भगवती किल्ल्याच्या दीपगृहापलीकडे नेऊन नांगरायची आणि तिथून बोलायचं.

"तिथे कायदा लागू नव्हता?" मी विचारलं.

"ते आम्हाला कुठे ठाऊक? आम्ही आपलं ठरवलं, दीपगृह संपलं की सरकार संपलं."

डोलकाठीला तांब्याची तार बांधली. रेडिओचं नाव ठेवलं 'भरती'. संध्याकाळी पाचला सुरू, दिवस बुडाला की बंद. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीत काटा नेऊन ठेवला की पेठकिल्ल्यापासून मांडवीपर्यंत घराघरात आवाज यायचा. कॅसेटवरची गाणी, मासळीचा भाव, कोणाची होडी कुठे दिसली, कोणाची म्हैस कुठे हरवली. आणि फर्माइशी.

"पण फर्माइशी तुमच्यापर्यंत यायच्या कशा? फोन नव्हता, पत्र तर समुद्रात येत नाही."

"तेच तर सांगतोय मघापासनं. धुण्यावरनं!"

आमच्या पेठकिल्ल्याची घरं उतारावर आहेत, सगळ्यांची अंगणं समुद्राकडे तोंड करून. लाँचवर एक दुर्बीण होती. बायकांनी आणि बोटीनं मिळून एक खुणांची भाषाच ठरवली होती. दोरीच्या टोकाला लाल साडी म्हणजे घरात पाहुणे आहेत, एक झकास गाणं लावा. हिरवी साडी म्हणजे बोटीवर गेलेल्या नवऱ्याचं पत्र आलं. सदरा उलटा टांगला की घरात कोणी आजारी, सांगा सगळ्यांना बरं वाटू दे म्हणून. आणि मोजक्यांनाच ठाऊक असलेली एक खूण, काळं कांबळं म्हणजे बंदरावर खाकी कपडे आलेत, किनाऱ्याला लागू नका.

घोटाळेही पुष्कळ व्हायचे. कोणी एक नवी सून आली, तिला काही माहीतच नाही. ती रोज आपली लाल साडी टोकाला घालायची आणि रोज तिच्या नावानं गाणं लागायचं. आठ दिवसांनी तिच्या सासूनं तिला विचारलं, "कोण गो तुझा तो बोटीवरचा?"

"आणि बोलायचं कोण रेडिओवर?" मी विचारलं.

बाबूकाकांनी आत स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "लवू."

लवू म्हणजे माझ्या सासूबाईंचे, दमयंतीबाईंचे थोरले भाऊ. सख्खे. मी लग्न होऊन या घरात आले त्याला चार वर्षं झाली, पण त्यांना एकदाही पाहिलेलं नाही. ते वास्कोला असतात. आम्ही राहतो ते घर खरं तर या भावंडांचंच. लवूमामा इथून गेले, त्यांची आई, म्हणजे आजी येसूबाई, एकट्या पडल्या, म्हणून सासूबाई आणि सासरे इथे राहायला आले आणि राहिलेच. आजी गेल्या तेव्हा मामा आले होते म्हणे. ओटीवर तासभर बसले, बहिणीच्या हातचं पाणी घेतलं नाही आणि निघाले. भाऊबीजेला सासूबाई अंगणात जाऊन चंद्राला ओवाळतात. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, त्या म्हणाल्या, "चंद्र वेळेवर येतो."

"का गेले ते? भांडण कशावरनं झालं?"

"भांडण झालंच नाय," बाबूकाका म्हणाले. "झालं असतं तर मिटलं असतं. रेडिओ बुडाला त्या दिवशीपासनं तो फिरला. पण त्या दिवशी आम्ही वाचलो, ते तुमच्याच घरामुळे हां. तुमच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर काळं कांबळं दिसलं, म्हणून लाँच तशीच वळवली. नायतर बंदरातच पकडले गेलो असतो."

आत खोबरं किसण्याचा आवाज चालला होता, तो थांबला. सासूबाई विळी तशीच सोडून दारात आल्या.

"कुठला दिवस, बाबूदा?"

"तुझ्या ओमकाराच्या बारशाचा. लवू बारशालाच यायला निघाला होता ना. त्या महिन्यात खाकीवाले घरी चौकशीला यायचे म्हणून तो लाँचवरच झोपायचा. आदल्या दिवशी रेडिओवर सांगितलंन त्यानं सगळ्या गावाला, पेठकिल्ल्यावर भाचा झालाय, उद्या मामा येतोय."

"आणि मामा आला नाय," सासूबाई म्हणाल्या. "तीन वाजेपर्यंत पाळणा थांबवून ठेवला होता मी. बायका हसत होत्या. माझ्या सासरची माणसं घड्याळं बघत होती."

"अगो, पण तूच कांबळं घातलंस ना?"

"मी कशाला घालीन? मी बाळंतिणीच्या खोलीत. बाराव्या दिवसापर्यंत उंबरा ओलांडला नव्हता मी." मग अगदी हळू म्हणाल्या, "सोयराचं धुणं."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि वेदू मांडीवर नसती तर मी उठून उभीच राहिले असते. बाळ झालं की दहा दिवस सोयर. अकराव्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीतलं सगळं धुवून काढायचं, अंथरुण-पांघरुणासकट. खाटेवरचं कांबळंसुद्धा! आजी येसूबाईंना रेडिओची ती एक खूण माहीत नव्हती. ती फक्त भावाबहिणीत आणि बोटीवर. त्यांनी हलकं धुणं मागच्या परसात घातलं आणि ओलं जड कांबळं दोरी तुटेल म्हणून पुढे गडग्यावर पसरलं, समुद्राकडे तोंड करून.

"पण अकराव्याला धुतलं तर बाराव्याला कसं होतं?" मी म्हटलं.

"कांबळं एका दिवसात वाळतं होय? आदल्या दिवशी विहिरीवर निथळलं असणार, सकाळी गडग्यावर!" सासूबाई माझ्यावरच ओरडल्या.

बाबूकाका तोंड उघडं टाकून बसले होते. "म्हणजे बंदरावर त्या दिवशी कोणीच नव्हतं?"

"होते की. बारशाला आलेले पाहुणे होते."

"आयला!" बाबूकाकांनी मांडीवर थाप मारली. "आणि आम्ही जीव घेऊन दक्षिणेला पळतोय! पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाला वाळूत रुतलो, लाँच कलंडली, दीपकचं खोकं गेलं पाण्यात. सदतीस वर्षं मी लोकांना सांगतोय, कसे वाचलो म्हणून! येसूबाईच्या कांबळ्यानं बुडवला आमचा रेडिओ!"

ते इतके हसले की वेदूही हसायला लागली. सासूबाई हसल्या नाहीत.

"लवूदाला काय वाटलं?" त्यांनी विचारलं.

काका हसायचे थांबले. कपबशी उगाच फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "त्यानं नंतर बंदरावर चौकशी केली. कोणीतरी सांगितलं, खाकीवाले आलेच नव्हते; मला ते कधी पटलं नाय. पण तो मला म्हणाला, दमीनं मुद्दाम घातलं. नवरा सरकारी नोकरीत, सासरच्यांसमोर चोरटा भाऊ नको होता तिला. मी तुला कधी बोललो नाय हे. दोघांच्या मधे कशाला पडा."

"मधे पडायचं होतंस," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. खोबरं किसायचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण फार जोरात.

त्याच पायरीवरून बाबूकाकांनी वास्कोला फोन लावला. स्पीकरवर. काकांनी सगळं सांगितलं, कांबळं, सोयर, येसूबाई. मग लवूमामांचा आवाज आला. अडुसष्टाव्या वर्षीही असा आवाज की त्यानं नुसता मासळीचा भाव सांगावा आणि आपण ऐकत बसावं.

"बाबू, तू भला माणूस. पण तिच्या घरचा चहा पिऊन बोलतोयस. सदतीस वर्षांनी चांगली गोष्ट रचलीत तुम्ही. मी रविवारी येतोय तो बोटीवर, आणि बोटीवरनंच परत स्टेशनावर जाणार. घराचं नाव काढायचं नाय."

फोन ठेवला. बाबूकाका मान हलवत निघून गेले. मला रडायलाच आलं होतं. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "लहानपणापासनं तो कोणाचं ऐकत नाय. पण रविवारी दुर्बीण त्याच्याच हातात असणार ना?"

"हो. पूर्वीसारखंच सगळ्यांचं धुणं वाचून दाखवणार आहेत."

"मग त्याला वाचायला देऊ."

त्यानंतरचे चार दिवस आमच्या घरी जे चाललं त्याला मी सण म्हणेन. सासूबाईंना अख्खं सोयराचं धुणं पुन्हा उभं करायचं होतं, या वेळी पुढच्या अंगणात, समुद्रासमोर. लंगोट, दुपटी, झबली, टोपडी, बाळंतिणीचं पोट बांधायचं लुगडं, कानाला बांधायचा रुमाल, गोधड्या. पण हल्ली लंगोट कुठले? वेदू डायपरवाली. सासूबाईंनी तीन जुन्या सुती साड्या काढल्या आणि टराटरा फाडल्या. वेदू दुपारी झोपली की मी किनारी दुमडून शिवायचे, ती उठली की शिवलेले लंगोट तोंडात घालायची. शेजारची काशीमावशी डोकावून म्हणाली, "काय गो दमे, सुनेला पुन्हा दिवस गेले काय? एवढ्यात?" मी लाजेनं लाल. सासूबाई म्हणाल्या, "जुनंच बाळंतपण निस्तरतोय."

कांबळ्याचं काम ओमकारकडे, माझ्या नवऱ्याकडे होतं. तो मुंबईला नोकरीला, पंधरवड्यानं घरी येतो. शनिवारी सकाळी गाडीत असतानाच मी फोन केला, "हातखंब्याला उतर आणि काळं कांबळं घेऊन ये."

"ह्या उन्हात कांबळं? आईला ताप आलाय का?"

"तुझ्या बारशासाठी हवंय."

मग मी सगळं सांगितलं. तो इतकंच म्हणाला, "मामांचा आवाज कसाय गं?"

त्यानं आणलेलं कांबळं चॉकलेटी निघालं. सासूबाईंनी ते उन्हात धरलं आणि त्याच्याकडे अशा बघायला लागल्या की मला त्याची दया आली.

"तीन दुकानं फिरलो, आई. काळं नाहीच. हे काळपट आहे ना?"

"हे काळपट? तुला लहानपणी बाळकडू द्यायचं राहिलं वाटतं!"

मग मलाच सुचलं. मी कांबळं उचललं आणि विहिरीवरच्या टाकीत बुडवलं. ओलं झाल्यावर ते काळंभोर दिसायला लागलं. शिवाय ते तेव्हाही ओलंच होतं. सासूबाईंनी माझ्या पाठीवर असा धपाटा घातला की ओमकारच्या मांडीवरच्या वेदूचं दूध प्यायचं थांबलं. त्यांच्या घरी कौतुक तसंच करतात.

रविवारी चार वाजता आम्ही धुणं वाळत घालायला घेतलं. मी दुपटी आपली नेहमीसारखी सरळ घालत होते, दोन कोपरे दोन चिमट्यांत. सासूबाईंनी सगळी काढायला लावली.

"असं नाय. आई तिरकं घालायची. एक कोपरा खाली लोंबता, म्हणजे पाणी एका जागी निथळतं. आमच्या घरात दुसऱ्या कोणाला तसं घालायला जमायचं नाय. लवूदा तर चिडवायचा, आईची दुपटी म्हणजे पतंग."

तर सगळी दुपटी तिरकी. अठ्ठावीस. मधे गडग्यावर ओलं कांबळं, आजूबाजूला लंगोट, खाली लुगडं. वाऱ्यावर सगळं फडफडायला लागलं आणि मला उगाच वाटलं, घराला पंख फुटले.

पाच वाजता फोनवर लाइव्ह लावलं. बोटीवर बाबूकाकांची मुलगी श्रद्धा फोन धरून उभी होती, तिला मी दोन दिवस शिकवून तयार केलं होतं. खरखर झाली, लाटांचा आवाज आला. आणि मग, "हा रेडिओ भरती. दीपगृहापलीकडून बोलतोय. मधे थोडा खंड पडला, त्याबद्दल क्षमस्व."

सगळ्या वाडीतून हसण्याचा आवाज उठला. घरोघरी फोन लावलेले, तो एकच आवाज उतारावरून खालपर्यंत. सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, एकदम उठून उभ्या राहिल्या. भावाचा तो रेडिओवरचा आवाज त्यांनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

मामा सुरूच झाले. "वरच्या आळीत लाल साडी. पाहुणे दिसतायत. त्यांना म्हणावं, जेवून जा, मासळी स्वस्त आहे. त्याच्या खाली काशीबाई. काशी, तोच निळा परकर अजून? अगो, एखादा नवीन शिवशील की नाय?" काशीमावशी आपल्या अंगणातून किंचाळली, "ह्याचं तोंड कोणी बांधा रे!" बघणाऱ्यांचा आकडा तीनशे, साडेतीनशे. दुबईहून, मस्कतहून लोक लिहीत होते, आमच्या घराचं वाचा, आमच्या आईचं वाचा.

मग मामा म्हणाले, "आता किल्ल्याच्या पायऱ्यांकडून तिसरं घर," आणि थांबले.

आमचं घर.

लाटांचा आवाज. कोणीतरी खोकलं. ओमकारनं माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतत होती.

"बाबू, दुर्बीण पूस जरा," मामांचा आवाज. "काळं कांबळं आहे." मग, "लंगोट आहेत. बाळंतिणीचं लुगडं. बाबू, ही दुपटी बघ रे. तिरकी घातलीत."

"बघितली," बाबूकाका.

"आईचं धुणं आहे हे."

बोलून संपलं, पण आवाज नीट संपला नाही. मग त्यांनी, साडेतीनशे माणसं ऐकतायत हे विसरून, विचारलं, "दमे, सोयर फिटलेल्या दिवसाचं होतं काय गो ते?"

"होय!" सासूबाई समुद्राकडे बघून ओरडल्या. दीड मैलावरून त्यांना काय ऐकू जाणार! मी वेदूला ओमकारच्या हातात दिलं आणि लाइव्हखाली लिहिलं, होय. श्रद्धानं ते वाचून दाखवलेलं आम्हाला ऐकू आलं. "मामा, त्या होय म्हणतायत."

आणि पुढचं काही रेडिओवर आलं नाही. फक्त इंजिन सुरू झाल्याचा आवाज आणि बाबूकाकांचं "अरे, थांब, अजून चाळीस घरं राहिलीत!"

सासूबाई थांबल्याच नाहीत. बासष्ट वर्षांची बाई, अनवाणी, पायऱ्या उतरून बंदराकडे. मी फोन हातात घेऊन त्यांच्यामागे, वेदूला खांद्यावर घेतलेला ओमकार माझ्यामागे. आम्ही पोचलो तोवर बोट आत आली होती, पण पाणी उतरलेलं. बोट धक्क्याला लागेना. पंधरा हातांवर थांबली. पुढच्या टोकाला, नाळेवर, एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता, गळ्यात दुर्बीण.

मला वाटलं होतं, दोघं रडतील.

"एवढं वाचता येतं तर तेव्हा वर येऊन विचारायला काय झालं होतं?" सासूबाई धक्क्यावरून ओरडल्या.

"वर कांबळं होतं!"

"मग ते बाजूला करून आत यायचं! तीन वाजेपर्यंत पाळणा अडवून ठेवला मी!"

"आणि आमचा रेडिओ बुडाला त्याचं काय?"

"बुडू दे! उतर खाली."

"पाणी आहे गो. ह्या वयात पडेन मी."

"पड!"

ओमकारनं वेदूला माझ्याकडे दिलं, पॅन्ट न दुमडताच शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरला आणि मांडीइतक्या पाण्यातून बोटीकडे गेला. त्यानं हात वर केला. मामांनी तो धरला, एक पाय बाहेर टाकला आणि तसेच अर्धे वाकून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. सदतीस वर्षांचा, कानाजवळ थोडे पिकलेले केस, आजी येसूबाईंचं नाक.

तो कोण, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. नावही त्यांना ठाऊक होतं, बाबूकाकांकडून नक्की कळलं असणार. तरी त्यांनी विचारलंच, बारशाला उशिरा पोचलेल्या माणसानं विचारावं तसं, जरा ओशाळून.

"नाव काय ठेवलंत रे तुझं?"

"ओमकार," माझा नवरा म्हणाला, पाण्यात उभा राहून, आणि त्यांना दोन्ही हातांनी उचलून घेतलं. माझ्या हातातल्या फोनमधून तेच नाव क्षणभरानं पुन्हा ऐकू आलं, कारण बोटीवरच्या श्रद्धानं लाइव्ह बंदच केलं नव्हतं, आणि वरच्या सगळ्या अंगणांतून बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.